अकरा सावकारणी

फोलारिनला वाकायची लाज वाटायला लागली होती, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे असं त्याच्या मामीचं, म्हणजे तोलानीची आई म्हणून इया तोलानी म्हणवणाऱ्या बाईचं, ठाम मत होतं.

मामीसमोर आलं की पुरुषानं पालथं पडून नमस्कार घालायचा. छाती जमिनीला लागली पाहिजे. फोलारिनचा बाप तसा पडायचा, आजा तर चिखलातही पडायचा. आणि हा? लेगॉसहून यायचा, टोकदार बूट दारात न काढता उजव्या हाताची दोन बोटं जमिनीकडे न्यायचा, सांडलेला दाणा उचलावा तशी. डाव्या हातात फोन. एक डोळा मामीवर, एक फोनवर.

"असा नमस्कार माझी कोंबडीपण घालते," इया तोलानी म्हणायची, "आणि ती निदान दाणे टिपून गप्प बसते."

फोलारिन गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तीन आठवडे तो दर शनिवारी मामीच्या गावी, अबेओकुटाला येत होता. ओफादा भाताच्या दोन थाळ्या हाणायचा, रश्श्यातले मांसाचे तुकडे वेचून आपल्याकडे ओढायचा, तोंड पुसायचा, की पालुपद सुरू.

"मामी, नुसतं हो म्हणा."

"कशाला हो?"

"ओपन बँकिंगला. किती वेळा सांगू? पैसे तुमचे, मग पैशांची माहिती कुणाची? तुमचीच ना? आजवर बँक त्या माहितीवर अंडी उबवत बसली होती. आता तुम्ही होकार दिलात की बँकेला ती आमच्या कंपनीला दाखवावी लागणार. आमचं यंत्र बघणार, बाई कशी कमावते, कशी वागते, आणि कर्ज देणार. तारण नको, जमिनीचा कागद नको, नवऱ्याची सही नको."

"नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. बँकवाल्या पोरीला तसं सांगितलं तर म्हणते, मग मुलाची आणा. मला मुलगी आहे म्हटलं, तर म्हणते, जावयाची आणा."

"तेच तर! म्हणून आमचं यंत्र."

"यंत्र काय काय बघणार?"

"सगळं सुरक्षित असतं, मामी."

"सुरक्षित आहे का, असं मी विचारलं नाही. काय बघणार, ते विचारलं."

"अहो, जगभर चालतं हे."

"जगभर माणसं मरतातसुद्धा. किती दिवस बघणार?"

"ते त्यात लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात."

"तू वाचलंस?"

फोलारिननं थाळीतला शेवटचा तुकडा उचलला.

दोन इयत्तांपलीकडे इया तोलानीनं शाळा पाहिली नव्हती. पण इतोकूच्या बाजारात निळीत हात बुडवून तिला चाळीस वर्षं झाली होती, आणि विचारलेल्या प्रश्नाला बगल देणारा माणूस तिला वासावरून कळायचा. कापडवाले, रंगात घालायचा सोडा विकणारे, देवळातले, मशिदीतले, सगळे बघून झाले होते. बहिणीसारख्या नणंदेचा मुलगा असूनही तिनं त्याला तीन आठवडे टोलवला.

चौथ्या आठवड्यात मात्र तिच्या गळ्याशी आलं.

इजेबू-ओडेच्या एका घरातलं लग्न होतं. सगळ्या गोतावळ्याला एकाच नक्षीचं कापड, दोनशे चाळीस जोड. कसाव्याची खळ कोंबडीच्या पिसानं रेखायची, निळीत बुडवायचं, वाळवायचं, धुवायचं. बारा बायकांना तीन महिन्यांचं काम. नवरीच्या आईनं निम्मे पैसे आधी दिले, त्यातून निम्मं पांढरं कापड आलं. उरलेल्या कापडासाठी बारा लाख नायरा हवे होते, आणि तेही शनिवारच्या आत, कारण लेगॉसचा कापडवाला त्यापुढे भाव धरून ठेवणार नव्हता.

"नाही जमलं तर तसं सांगा बाई," नवरीची आई फोनवर गोड आवाजात म्हणाली होती. "बाहेरदेशचं छापील येतं ना हल्ली. लांबून तसंच दिसतं."

लांबून तसंच दिसतं! इया तोलानीनं फोन आपटून ठेवला. आधीच अर्धा बाजार त्या छापील कापडानं भरला होता. हे लग्न हातचं गेलं की पुढचंही जाणार, आणि अंगणातले बारा रांजण कोरडे पडणार, हे सांगायला तिला कुठलं यंत्र नको होतं. एकोणीस वर्षं ज्या बँकेत खातं, तिनं जावयाची सही मागितली होती. भिशीची तिची पाळी दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती.

ही भिशी म्हणजे इतोकूच्या रंगारणींचा अजो. बाराजणी. दर सोमवारी प्रत्येकीनं वीस हजार त्या आठवड्याच्या पाळीवालीला पाठवायचे. पूर्वी नोटा हातात पडत, आता फोनवरून जातात, एवढाच फरक. पाळ्यांचा क्रम इया तोलानी ठरवायची, आणि त्यात चिठ्ठ्याबिठ्ठ्या नव्हत्या. पहिली पाळी सगळ्यांत भरवशाच्या बाईची. कारण ती आधी सगळ्यांचे पैसे घेणार आणि मग अकरा आठवडे न चुकता भरत राहणार. पैसे हातात पडल्यावरही जी भरते, तिलाच पहिली पाळी शोभते. म्हणून पहिली पाळी कायम इया तोलानीची. आणि जिचा भरवसा नाही ती शेवटी. तिनं आधी अकरा वेळा भरावं, मग घ्यावं. म्हणजे पळून गेली तरी कुणाचं काही बुडत नाही.

शेवटची पाळी मोदिनतची होती. मागे तिसऱ्या पाळीचे पैसे घेऊन तिनं फ्रीज आणला आणि पुढे चार सोमवार तोंड लपवलं. ते चार हप्ते इया तोलानीनं पदरचे भरले, आणि मोदिनतला उचलून बारावी केलं. त्याला दोन वर्षं झाली. अंगणात आजही कुणाला थंड पाणी हवं असलं की आयोका म्हणायची, "मोदिनतकडे माग. आपल्याच पैशांचं गार झालंय."

मंगळवारी सकाळी इया तोलानीनं फोलारिनला अंगणातच बोलावलं. जे करायचं ते चारचौघींत. बाकीच्या अकराजणी रांजणांभोवती उभ्या राहिल्या, कोपरापर्यंत निळे हात घेऊन.

"मी आधी होकार देते," ती म्हणाली. "माझं नीट झालं तर तुम्ही द्या. उद्या घोळ झाला तर माझा होईल."

सगळ्यांत म्हाताऱ्या आयोकानं कोलाच्या कडू बीचा तुकडा चावत मान हलवली. "मी नाही देणार बाई. माझ्या खात्यात काय आहे ते देवाला माहीत आहे, तेवढं पुरे."

"देवालाच का, सगळ्या बाजाराला माहीत आहे. काही नाही," मोदिनत म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

फोलारिननं फोन पुढे धरला. बँकेचं नाव आलं, आकडे आले, ते परत टाकले. मोठं हिरवं बटण आलं. "दाबा, मामी."

"या वरच्या मुंग्या कसल्या?"

"ती बारीक अक्षरं. शर्ती असतात. दाबा."

अकराजणी बघत होत्या. शनिवार चार दिवसांवर होता. इया तोलानीनं अंगठ्याची नीळ लुगड्याला पुसली आणि बटण दाबलं.

"माझंपण!" मोदिनत फोन घेऊन पुढे घुसली. थांबणं तिच्या रक्तातच नव्हतं. "मलाही कर्ज हवंय. मागायला काय जातं?"

"तुला दुसरा फ्रीज हवा असेल," कुणीतरी म्हणालं. पण तोवर तिनं बटण दाबलं होतं.

बुधवारी दुपारी उत्तरं आली. आधी इया तोलानीच्या फोनवर. तिनं फोन मोदिनतकडे दिला, कारण भराभर वाचणारी अंगणात तीच एक होती. मोदिनत वाचता वाचता अडखळली.

"वाच की. जीभ गिळलीस?"

"लिहिलंय... आपल्यावर आधीच बरीच देणी दिसतात. सध्या कर्ज देता येत नाही."

कुणीतरी रांजणातली काठी ढवळायची थांबवली.

"कुणावर देणी?" इया तोलानीनं विचारलं.

"तुमच्यावर, इया."

चाळीस वर्षांत ती कुणाचं एक नायरा देणं लागली नव्हती. नवऱ्याच्या मयताचा खर्चसुद्धा तिनं चाळीसाव्या दिवसाच्या आत फेडला होता. आता अकरा बायकांच्या डोळ्यांत तिला एक प्रश्न दिसला. कुणी तो विचारला नाही, त्यानं ती जास्तच पेटली. विचारला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

तेवढ्यात मोदिनतचा स्वतःचा फोन वाजला. तिनं बघितलं आणि तो पदराखाली सारला.

"काय आलं?" आयोकानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीला एवढं कोण लपवतं?"

"मंजूर," मोदिनत पुटपुटली. "बारा लाखांपर्यंत. लिहिलंय... नियमित बचत करणारी, भरवशाची."

आयोका इतकी हसली की तिला ठसका लागला. "भरवशाची! मोदिनत! अगं, कुणीतरी फ्रीज उघडून दाखवा त्या यंत्राला!"

इया तोलानी हसली नाही. तिनं फोलारिनला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. "मामी, मीटिंगमध्ये आहे." पुन्हा लावला. फोन बंद. होकार हवा होता तेव्हा हाच माणूस पहाटे सहाला फोन करून तब्येत विचारायचा. मग तिनं नणंदेला इबादानला फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली, "तुझ्या मुलानं मला बाजारात कर्जबुडवी ठरवलंय." गुरुवारी सकाळी दहाच्या आत फोलारिन अंगणात हजर होता. आईपुढे कुणाची मीटिंग टिकत नाही.

"बस," इया तोलानी म्हणाली. खुर्ची दिली नाही. उपडी बादली दाखवली. "तुझ्या यंत्रानं काय बघितलं ते मला वाचून दाखव."

"मामी, ते यंत्र ठरवतं. आमच्या हातात..."

"माझ्या खात्याची माहिती कुणाची म्हणाला होतास?"

"तुमची."

"मग वाच."

त्यानं लॅपटॉप उघडला. बराच वेळ खाली-वर केलं. मग घसा खाकरला. "हे बघा. गेल्या वर्षात चार वेळा तुम्ही एकाच दिवशी अकरा वेगवेगळ्या व्यक्तींकडून पैसे घेतलेत. सारखीच रक्कम. आणि पुढचे अकरा आठवडे तेवढीच रक्कम त्यातल्या एकेकीला परत केलीत. यंत्राच्या हिशोबी ही अकरा खाजगी कर्जं. ती फिटतात तोवर तुम्ही पुन्हा अकरा घेता. म्हणजे कर्ज फेडायला कर्ज..."

"अकरा सावकारणी," आयोका म्हणाली. "ऐकलंत का गं? आपण सावकारणी झालो!"

"आणि हिचं?" इया तोलानीनं हनुवटीनं मोदिनतकडे दाखवलं.

"त्या दर आठवड्याला न चुकता पैसे बाजूला टाकतात, अकरा आठवडे, आणि शेवटी मोठी रक्कम हातात येते. शिस्तीची बचत. हे चांगलं लक्षण..."

तो बोलता बोलता थांबला. समजलं त्याला. आई असल्याच भिशीवर घर चालवायची, ते आठवलं असावं.

"हा अजो आहे," तो हळूच म्हणाला.

"अरे वा. सूर्य उगवला." इया तोलानी कमरेवर हात ठेवून उभी होती. "पहिली पाळी कुणाला देतात?"

"सगळ्यात... सगळ्यात भरवशाच्या बाईला."

"आणि शेवटची?"

फोलारिननं मोदिनतकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"तुझी कॉलेजची पहिली फी कशातून गेली होती, माहीत आहे ना? माझ्या पहिल्या पाळीतून. ते दिसतं का तुझ्या यंत्रात?"

"ते जुनं आहे, मामी. यंत्र एकच वर्ष मागे बघतं."

"एक वर्ष! आता कळतंय मला एक वर्ष. पुढे किती बघणार?"

तो लॅपटॉपमध्ये घुसला. बारीक अक्षरं तो बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होता. "पुढेही एक वर्ष. पण तुम्ही केव्हाही होकार काढून घेऊ शकता. बँकेच्या ॲपमधूनच."

"हे मंगळवारी सांगितलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती?"

"मामी, मी अर्ज करतो ना. माणसाकडून पुन्हा तपासणी. मी स्वतः लिहून देतो की हा अजो आहे."

"किती दिवस?"

"कामाचे वीस दिवस."

वीस दिवसांनी इजेबू-ओडेची ती बाई छापील कापडाचे झगे शिवून मोकळी झाली असती. इया तोलानी आत गेली आणि लाकडी ठोकळ्यावर बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त काहीतरी फोडावंसं वाटत होतं, आणि घरातली सगळी भांडी तिनं स्वतःच्या पैशांनी घेतलेली होती.

मोदिनत तिच्यामागे आत आली. दारातच गुडघे टेकले, पुरते. या बाबतीत तिच्यात खोट काढता आली नसती.

"इया, माझं कर्ज घ्या. कापड आणा."

"तुझं कर्ज मी घेऊ? आणि बाजारात काय सांगू, मोदिनतच्या जिवावर धंदा केला?"

"काय सांगायचं ते सांगा. पण माझी एक अट आहे."

"अट! हिची अट!"

"पुढच्या भिशीत मला शेवटची पाळी नको. दोन वर्षं झाली, इया. माझी पाळी वगळून शहाण्णव सोमवार. मुलीला मलेरिया झाला तेव्हाही भरले, दवाखान्याच्या बाकावर बसून भरले. तुम्ही कधी मोजले? त्या यंत्रानं निदान वर्षाचे तरी मोजले. मला रडूच आलं काल, म्हणून फोन लपवला. तुम्हाला वाटलं, मिरवायला लाजते."

इया तोलानीनं खरंच मोजले नव्हते. हप्ते येत होते म्हणून तिनं बघायचं सोडून दिलं होतं, आणि फ्रीज मात्र रोज बघत होती. हे कबूल करणं तिला गरम कोळसा गिळण्याइतकं जड गेलं.

"पहिली मिळणार नाही," ती अखेर म्हणाली. "पहिली माझी."

"पहिली मागतेय कोण? चौथी द्या."

"पाचवी."

"चौथी, इया. बारा लाख आहेत."

"मेली खरी व्यापारी आहेस," इया तोलानी म्हणाली. "ऊठ. चौथी. कर्जाचा प्रत्येक हप्ता त्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी तुझ्या हातात पडेल. नाही पडला तर भर बाजारात माझं नाव घे." मग तिनं आपला फोन पुढे केला. "आणि ते होकार काढून घ्यायचं कुठं असतं ते दाखव. वाच, मी दाबते."

शुक्रवारी दुपारी कापड आलं. अंगणात गठ्ठे उतरत असताना फोलारिन कुंपणापाशी उभा होता. तो काल परत गेलाच नव्हता. आईनं सांगितलं होतं म्हणे, मामी माफ करेपर्यंत इबादानला तोंड दाखवू नकोस.

"मामी," तो म्हणाला, "तुमचा होकार रद्द झाल्याचं मला ऑफिसातून कळलं. एवढं तरी करू नका. तुम्ही काढलात म्हणजे इथं कुणीच देणार नाही. माझी सगळी मेहनत..."

इया तोलानीनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. सगळ्या बायका थांबल्या. आयोकानं तर बसायला बादली ओढली.

"तुझं यंत्र चोर नाही," ती म्हणाली. "चोर आहे असं मी बाजारात सांगणार नाही, कारण ते खोटं होईल. मोदिनतचे सोमवार त्यानं मोजले, जे मी मोजले नाहीत. ते मी तिला बोलले, आता तुझ्यासमोरही बोलते. पण माझ्याबद्दल ते चुकलं, आणि ते तुझ्यामुळे चुकलं. मी दोन इयत्ता शिकलेली. मला कळेना तेव्हा मी तुला तीन शनिवार विचारत होते, काय बघणार, किती दिवस बघणार. तू एवढा शिकलेला, अजोच्या पैशांवर शिकलेला, आणि यंत्राला अजो म्हणजे काय हे सांगायचं तुला सुचलं नाही. तुला माझा होकार हवा होता, मी नको होते. तर ऐक. सोमवारी भिशीच्या वेळी इथं ये. बाराजणींना तोंडानं सांग काय काय बघता, किती दिवस, आणि होकार परत कसा घ्यायचा ते आधी सांग, देण्याच्याही आधी. आयोका विचारेल तितक्या वेळा सांग, तिला कमी ऐकू येतं. मग तुझ्या लेगॉसच्या साहेबांना भिशी शिकव. ते शिकले की माझा होकार माग, तेव्हा बघू. आणि फोन खिशात ठेवून ये, बूट दारात काढ, आणि नमस्कार घालायचा तर नीट घाल, फोलारिन. छाती जमिनीला लागली पाहिजे."